'ढ' कोण ठरवते? अपंग मुलांची शाळा आणि आपली चळवळ

१४ एप्रिलला घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि तिकडे अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली इथल्या आपल्या वस्त्या रस्त्यावर उतरतात. त्या दिवशी वस्तीतले एकही मूल घरात राहत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे नाही.

गेली काही वर्षे जयंतीची वर्गणी गोळा करायला घरोघर जाताना आम्ही एक प्रश्न जोडून विचारतो : घरात शाळेत न जाणारे मूल आहे का? पहिल्यांदा उत्तर येते, "नाही." जरा थांबून पुन्हा विचारले की आतला पडदा बाजूला होतो. "हा आहे, पण याला काय समजत नाही." "हिला घेतली होती शाळेत, बाईंनीच सांगितले, घेऊन जा, बाकीच्यांना त्रास होतो." एका माउलीने तर आम्हालाच विचारले, "दादा, हिच्या नावाची पण पावती फाडता का?" त्या मुलीच्या नावाची पावती आम्ही फाडली. पण तिच्या नावाचा शाळेचा दाखला आजही नाही.

ही मुले आपल्याच समाजाची आहेत. तरी आपल्या मागण्यांच्या यादीत ती नसतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, ॲट्रॉसिटी, आरक्षण, खासगीकरण या सगळ्यांवर आपण बोलतो. अपंगांचा विषय मात्र 'समाजसेवेचा', कुणा ट्रस्टचा, कुणा लायन्स क्लबचा, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे आहे की हा विषय बाहेरून आणून आपल्या चळवळीला जोडायचा नाही. तो पहिल्यापासून तिच्यातच आहे. ते इतिहासात जाऊनच सिद्ध करावे लागेल.

एकाच पोथीतल्या दोन शिक्षा

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांना तिने काय दिले हे आपल्याला पाठ आहे. त्याच पोथीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून कुणाला वगळायचे याचीही यादी आहे. जन्मांध, बहिरे, मुके, वेडे, एखादा अवयव नसलेले अशांना बापाच्या मालमत्तेत वाटा नाही. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे. अकराव्या अध्यायात याचे कारणही देऊन ठेवले आहे : मागच्या पापांचा जो अंश शिल्लक राहतो त्यामुळे माणसे आंधळी, बहिरी, मुकी, व्यंग असलेली जन्माला येतात.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? तू महार म्हणून जन्मलास, कारण तुझे पूर्वकर्म. तू आंधळा जन्मलास, कारण तुझे पूर्वकर्म. दोन्हीकडे अन्याय करणारा मोकळा सुटतो आणि अन्याय सोसणाराच गुन्हेगार ठरतो. दोन्हीकडे हक्क काढून घेतला जातो आणि त्या जागी भाकरतुकडा दिला जातो.

महाडनंतर वर्षभरातच, १९२८ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात एक कायदा झाला आणि वारसाहक्कातल्या यातल्या बहुतेक अपात्रता रद्द झाल्या. तरीही जन्मापासून वेडे किंवा मतिमंद म्हटल्या जाणाऱ्यांना त्याने बाहेरच ठेवले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचे तुकडे करून पुढे कायदे झाले. त्यांपैकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कुणालाही वारसा नाकारता येणार नाही, असे एकदाचे लिहिले. मनूचा हा एक नियम कागदावरून जायला १९५६ साल उजाडावे लागले. घराघरांतून तो अजून गेलेला नाही. ज्या आईला आजही "कुठले पाप फेडतेस" असे ऐकवले जाते, ती आपल्याच चाळीत राहते आणि तिच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो.

दयेचा नकाशा

मुंबईत अपंग मुलांची शाळा आली ती दयेच्या वाटेने. माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ती देशातली अशी पहिली शाळा मानली जाते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची शाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५५ साली हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, १९७२ साली मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी डॉ. मिठू अलूर यांची स्पास्टिक्स सोसायटी, १९७७ साली बहिऱ्या-अंध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट अशी ही रांग पुढे गेली.

या माणसांचे काम लहान नव्हते. ज्या काळात सनातन्यांच्या लेखी ही मुले म्हणजे पापाची फळे होती, त्या काळात कुणी त्यांना अक्षर शिकवले, याची नोंद आपण कृतज्ञतेने ठेवली पाहिजे. आपल्या पूर्वजांनाही मिशनच्या शाळेचा दरवाजा आधी उघडा मिळाला होता. पण दयेला मर्यादा असते. दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. देणगी आली तर वर्ग, नाही आली तर नाही. प्रवेश मिळाला तर उपकार, नाकारला तर तक्रार कुणाकडे करणार?

आता या संस्थांचे पत्ते नकाशावर मांडून पाहा. माझगाव, ताडदेव, दादर, वरळी, हाजी अली, कुलाबा. सगळे माहीम-शीवच्या अलीकडचे, म्हणजे जुन्या शहरातले. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. गावाकडून आलेला, गिरणी-गोदीतून बाहेर पडलेला, झोपडपट्टी तोडली म्हणून हाकललेला माणूस या वाढलेल्या हद्दीत येऊन राहिला. माणसे उत्तरेला सरकली, मोठ्या संस्था दक्षिणेलाच राहिल्या. वांद्र्याला श्रवण-अपंगांची राष्ट्रीय संस्था आली तीही १९८३ साली. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा तर १९९० साली झाला. मुलुंडच्या झोपडीतल्या बहिऱ्या मुलीला ताडदेव-माझगावला रोज कोण नेणार? आई चार घरची धुणीभांडी करते, बाप कंत्राटी सफाई कामगार आहे. सकाळच्या लोकलमध्ये धडधाकट माणूस चढू शकत नाही. अपंगांच्या डब्यापर्यंत पोहोचायला आधी जिना चढावा लागतो. कायद्याने कुणी त्या मुलीला शाळेबाहेर काढले नव्हते. अंतरानेच ते काम केले.

शंभरातले ब्याऐंशी

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी मांडलेला हिशेब असा होता : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते.

या हिशेबातली दृष्टी लक्षात घ्या. ती ८२ मुले 'ढ' आहेत, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. तसे म्हणणारे तेव्हा भरपूर होते. अस्पृश्यांच्या डोक्यात शिक्षण शिरत नाही, हा तर त्या काळचा प्रतिष्ठित विचार होता. बाबासाहेबांनी मुलांकडे बोट न दाखवता तिजोरीकडे दाखवले. मूल नापास झाले नाही, व्यवस्था नापास झाली, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

हीच दृष्टी त्यांनी स्वतः संस्था काढताना ठेवली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण गरीब विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करावी लागत होती. आधी नोकरी सोड, मग शिक्षणाला ये, असे त्याला कुणी सांगितले नाही. त्याच्या पोटापाण्याच्या वेळेप्रमाणे कॉलेजने आपली वेळ बदलली. आज जगभर ज्याला समावेशक शिक्षण म्हणतात त्याची व्याख्या याहून वेगळी नाही. मुलाने शाळेसाठी बदलायचे नाही, शाळेने मुलासाठी बदलायचे.

सामावून घेणे आणि समावेश

संविधानात शिक्षण, काम आणि सार्वजनिक मदत यांच्या संदर्भात 'विकलांगता' हा शब्द आहे, अनुच्छेद ४१ मध्ये. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि तेही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. भेदभाव रोखणाऱ्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ही उणीव मान्य करण्यात कमीपणा नाही. संविधान हे पुढे न्यायचे साधन आहे, पूजेची पोथी नव्हे, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. ही जागा भरायला सरकारांनी मात्र अर्धशतक घेतले. दिल्लीच्या १९६० च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात तर मुलाचा शारीरिक किंवा मानसिक दोष हे शाळेत न पाठवण्याचे 'रास्त कारण' म्हणून नमूद होते. म्हणजे सक्ती सर्वांना आणि अपंगांना सूट. ही सूट म्हणजेच बहिष्कार होता.

कोठारी आयोगाने १९६६ साली शक्य तिथे अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत घ्या म्हटले. १९७४ साली केंद्राने 'एकात्म शिक्षणा'ची योजना आणली. पण एकात्म म्हणजे काय? चष्मा, श्रवणयंत्र, कुबड्या घेऊन जे मूल चालू शाळेत जमवून घेऊ शकेल ते आत, बाकीचे बाहेर. शाळेचा जिना तसाच, बाक तसेच, शिक्षक तसेच. आपल्यातल्या एखाद्याला वर्गात घ्यायचे पण बसायला गोणपाट घरून आणायला लावायचे, असला हा प्रकार. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा पटावर होताच की! पट त्याला आत घेऊन मोकळा झाला होता, वर्गाने मात्र त्याला वेगळेच बसवले. सामावून घेणे आणि समावेश यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळणार?

१९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेचे उदाहरण घ्या. ती सहा वर्षांखालच्या सर्व गरीब मुलांसाठी होती. डॉ. अलूर यांनी १९९० च्या दशकात या योजनेचा अभ्यास केला आणि अपंग बालके प्रत्यक्षात तिच्या बाहेर राहिल्याचे दाखवले. पुढे त्यांच्या संस्थेने धारावीतल्या बालवाड्यांत अपंग आणि इतर मुलांना एकत्र बसवले. त्यामुळे गरीब वस्तीत हे शक्य नाही, हा युक्तिवाद तिथेच बाद झाला.

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांनी जाहीर केले की सर्वसाधारण शाळेनेच सर्व मुलांना घेतले पाहिजे. १९९५ साली भारतात अपंग व्यक्तींचा पहिला सर्वंकष कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१२ साली दुरुस्त झाला आणि अपंग मुले 'वंचित घटका'त आली, म्हणजे खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर त्यांचा हक्क लागला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. माझगावच्या शाळेपासून इथवर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. दया संपून हक्क सुरू झाला, पण कागदावर.

प्रमाणपत्र कुणाला, शिक्का कुणाला

कागद आणि वस्ती यांत किती अंतर आहे ते मुंबईच्याच एका उदाहरणाने सांगतो. काही मुले हुशार असतात पण त्यांना वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. १९९६ पासून महाराष्ट्रात अशा मुलांना दहावीला सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एक भाषा कमी, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे गणित. सवलती योग्यच होत्या. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागे आणि ते बराच काळ शीव, नायर, केईएम अशा शहर भागातल्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांतून मिळे. चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी-हिंदीतल्या प्रमाणित चाचण्या उशिरा आल्या आणि तुटपुंज्या आल्या.

परिणाम काय झाला? ज्या घरात इंग्रजी माध्यम, शाळेत समुपदेशक आणि पाच-सहा फेऱ्या मारायला मोकळा वेळ असलेले आईवडील, त्या घरातल्या मुलाला 'अध्ययन अक्षम' हे नाव मिळाले. नावाबरोबर सवलत मिळाली, सहानुभूती मिळाली. २००७ साली त्यावर सिनेमा आला आणि अख्खा देश रडला. त्याच वेळी पालिकेच्या मराठी शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या, अगदी तशाच मुलाला 'ढ' हे नाव मिळाले. त्याच्यासाठी कुणी रडले नाही. तो सातवी-आठवीत गळला आणि नाक्यावर उभा राहिला. वर शिक्षकांनीच म्हटले, "या लोकांना शिकायचेच नसते." एकाच्या अपंगत्वाला डॉक्टरचा कागद मिळाला, दुसऱ्याच्या अपंगत्वाला जातीचे कारण चिकटवले गेले.

म्हणून आम्ही विचारतो, 'ढ' कोण ठरवते? शाळेतून गळणाऱ्या आपल्या मुलांत किती जणांना दिसत नव्हते, किती जणांना नीट ऐकू येत नव्हते, किती जणांची अक्षरे उलटी पडत होती, हे कुणी तपासले? गळतीचे आकडे जातीवर खपवले की हा प्रश्नच उरत नाही. आणि आपण तरी काय केले? आपणही त्या मुलाला "अभ्यास कर, बाबासाहेब अठरा तास वाचायचे" असे सांगून मोकळे झालो.

अपंगत्व जन्मते कुठे?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी जगातले प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले. भारतात अपंगत्व कमी आहे म्हणून आपला आकडा लहान आहे असे नाही. पडद्याआडची माणसे मोजली गेली नाहीत. मोजलेल्यांतही ४५ टक्के निरक्षर आहेत, आणि ५ ते १९ वयाच्या अपंगांपैकी २७ टक्क्यांनी शाळेचे तोंडच पाहिलेले नाही.

आपल्यात प्रमाण जास्त का? यात रक्तात काही नाही. आईच्या पोटात अन्न नसते, बाळंतपणाला वेळेवर वाहन मिळत नाही, ताप डोक्यात जाईपर्यंत रुग्णालयात खाट मिळत नाही. गटारात उतरणारा आपला, कचऱ्याच्या गाडीवर हात गमावणारा आपला, डम्पिंग ग्राउंडच्या धुरात वाढणारे मूल आपले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग होता. तो घाटकोपरच्या शेजारीच आहे.

आणि ११ जुलै १९९७? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसे गेली. त्या शहिदांना आपण दरवर्षी अभिवादन करतो, केलेच पाहिजे. पण त्या दिवशी गोळ्या लागून जे जगले त्यांच्या हातापायांचे, कामधंद्याचे, मुलांच्या शाळेचे पुढे काय झाले, हे आपल्या किती कार्यक्रमांत विचारले गेले? जातीय हिंसा माणसे मारते तशी अपंगही करते. गरिबीमुळे अपंगत्व येते आणि अपंगत्व गरिबी घट्ट करते. गरीब देशांच्या विकासाच्या चर्चेत हे दुष्टचक्र नेहमी सांगितले जाते. आपल्याकडे या चक्राला जातीचा आस आहे, हे मात्र सांगितले जात नाही.

नाव वरून दिले की काय होते

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणा असे सुचवले. मग खात्यांची नावे बदलली. महाराष्ट्रातही ३ डिसेंबर २०२२ रोजी वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला की आमच्यात दैवी काही नाही, आम्हाला रॅम्प द्या. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकात 'हरिजन' शब्द घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. देवाची माणसे म्हणायचे आणि विहिरीवर येऊ द्यायचे नाही, ही ती चाल होती. आज दिव्य म्हणायचे आणि शाळेत घ्यायचे नाही. ज्यांना 'दिव्यांग' शब्द आपला वाटतो त्यांनी जरूर वापरावा. नाव निवडायचा हक्क ज्याचा त्याचा आहे. पण नाव बदलले म्हणून हिशेब चुकता होत नाही.

हिशेबच करू. समग्र शिक्षा योजनेत अपंग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले आहेत, म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नाहीत. १९२७ चे १४ आणे आठवतात. विशेष शिक्षकांचे प्रमाण काय असावे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरवून दिले : मेंदूच्या पक्षाघाताची ८ मुले, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असलेली ५, बहुविकलांग २ मुले यांच्यामागे एक शिक्षक. पदे भरा म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली. मुंबईत असे अंतर कुठे नसते? जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. त्या दुरुस्तीविरुद्ध आपण बोललो ते जातीच्या अंगाने. तिने अपंग मुलाचाही दरवाजा बंद होत होता, हे आपल्या निवेदनांत आले नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : सगळी मुले एका वर्गात कशी शिकतील? बहिऱ्या मुलाला सांकेतिक भाषा लागते, ती चालू शाळेत कोण देणार? हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच कायद्याने विशेष शाळेची निवड मुलाकडे ठेवली आहे. चांगल्या विशेष शाळा टिकल्याच पाहिजेत, उपनगरांत वाढल्या पाहिजेत. पण निवड मुलाची आणि पालकांची असावी, मुख्याध्यापकांची नव्हे. तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीत आहे. काही शाळा त्याचा अर्थ 'घरीच ठेवा' असा लावतात. पटावर नाव, वर्गात मूल नाही. हक्काची अशी पळवाट होऊ देता कामा नये.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा : आधीच प्रश्न थोडे आहेत का? आणि अपंग तर सवर्णांतही आहेत. आहेतच. त्यांचाही हक्क आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून अपंगांचे आरक्षण समांतर मानले जाते, ते सर्व प्रवर्गांतून आडवे जाते. २०२० साली आर्यन राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की अपंग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी गुणांची शिथिलता त्यांनाही मिळायला हवी. पण जो दलितही आहे आणि अपंगही, त्याच्यावर दोन्ही ओझी एकदम पडतात. अपंगांच्या संघटनेत त्याच्या जातीबद्दल कुणी बोलत नाही, आपल्या संघटनेत त्याच्या अपंगत्वाबद्दल कुणी बोलत नाही. त्याने जायचे कुठे?

बाबासाहेबांची काठी

शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, दृष्टी क्षीण झाली होती. चालताना काठी लागे, कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागे. त्या शरीराने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा पार पाडला आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पुरा केला. आपल्या पुतळ्यांत मात्र ही काठी क्वचितच दिसते. उंचावलेले बोट आणि ताठ उभे शरीर, एवढेच आपण घडवतो. आधार घेणे म्हणजे कमीपणा, असे आपल्यालाही नकळत वाटत आले आहे का? आधार घेऊन जो माणूस लाखोंना उभे करतो तो कमी कसा?

म्हणून या जयंतीपासून काही कामे आपण अंगावर घेऊ. वर्गणीच्या वहीबरोबर दुसरी वही ठेवायची, शाळेबाहेरच्या प्रत्येक मुलाची, पडदा बाजूला करून. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढायला त्या आईबरोबर एका कार्यकर्त्याने जायचे, कारण तिची एका दिवसाची मजुरी बुडते आणि खिडकीवर तिला उलट बोलतात. पालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपला पालक असेल तर त्याने दर बैठकीत विचारायचे : विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात, रॅम्प कुठे आहे, शौचालयात व्हीलचेअर जाते का? शाळेने तोंडी 'नाही' म्हटले तर ते लेखी मागायचे. एसआरएच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरचे मूल शाळेत जात नाही. तेव्हा लिफ्ट हाही शिक्षणाचा प्रश्न आहे, सोसायटीच्या सभेत तसा मांडायचा. मिरवणुकीत अपंग मुले आणि त्यांचे पालक पुढे चालतील आणि मिरवणूक त्यांच्या वेगाने जाईल. आणि आपल्या विहाराचा जिना? तो अरुंद आहे, कठडा नाही, अभ्यासिका वरच्या मजल्यावर. सरकारकडे रॅम्प मागण्याआधी तो आपल्या दारात बांधू.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश घरातल्या सगळ्या मुलांसाठी आहे, पडद्याआडच्या मुलीसाठीही. तिच्या नावाची वर्गणी आम्ही घेतली आहे, तेव्हा तिच्या शाळेचेही आम्ही देणे लागतो.

जयभीम!